घरावरील राजकीय फलक : नियम आणि हक्क

अमेरिकेत अनेक वसाहतींत घर विकत घेणारा प्रत्येक जण घरमालक संघाच्या नियमांनी बांधला जातो. रंग व कुंपण यांप्रमाणेच फलकांवरही संघ निर्बंध घालतो. मग निवडणुकीत स्वतःच्या खिडकीत फलक लावण्याचा हक्क रहिवाशास उरतो काय?

मिसुरी राज्यातील लडू शहराने घरांवरील फलकांवर घातलेली जवळजवळ सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली एकमताने घटनाबाह्य ठरविली. परंतु हे संरक्षण शासनसंस्थेविरुद्ध आहे. खाजगी संघास ते सहसा लागू होत नाही.

काही राज्यांनी ही उणीव भरून काढली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार स्वतःच्या जागेत ९ चौरस फुटांपर्यंतचा अव्यापारी फलक लावता येतो. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता किंवा कायदा यांस बाध येत असल्यासच संघास मनाई करता येते. न्यू जर्सीत नगर परिषदेच्या एका उमेदवारास स्वतःच्याच घराच्या खिडकीत व दारावर फलक लावण्यास संघाने मनाई केली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती राज्यघटनेविरुद्ध ठरविली. फलकांची संख्या व स्थान यांविषयी वाजवी नियम करण्याचा संघाचा अधिकार मात्र कायम राहिला.

परिसराची शोभा राखण्यासाठी नियमन पुरेसे असते. त्यासाठी नागरिकाचे मत झाकण्याची गरज नसते, हेच या निर्णयांचे सार होय.