एका कान्याचा फरक

'पोट पडलं' आणि 'पोट पाडलं'. मराठीत या दोहोंत एका कान्याचा फरक. पहिलं कानावर आलं की शेजारीण डबा घेऊन येते, डिंकाचे लाडू वळले जातात, बाईला महिनाभर घागर उचलू देत नाहीत. दुसरं कानावर आलं की बोलणाऱ्यांचा आवाज खाली जातो. म्हणून बायका दुसरं म्हणतच नाहीत. 'पिशवी साफ केली', 'क्युरेटिंग केलं', 'मोकळी झाले' असं काहीतरी म्हणतात. डॉक्टरी मराठीत दोन्हीला 'गर्भपात' हा एकच शब्द आहे, आणि सुरुवातीच्या आठवड्यांपुरतं शरीरालाही तो फरक फारसा कळत नाही. रक्त तसंच जातं, कळा तशाच येतात, काही आत राहिलं तर उपचारही तोच. मनाला मात्र फरक कळतो का, आणि कळत असेल तर तो मनातून येतो की त्या खाली गेलेल्या आवाजातून, यावर निदान चाळीस वर्षं भांडण चालू आहे.

भांडण पेटलं अमेरिकेत. गर्भपाताला पापाऐवजी आजाराचं कारण म्हणायची टूम तिथे १९८०च्या दशकात निघाली. गर्भपात करून घेतलेली बाई पुढे आतून मोडते, तिला नैराश्य येतं, असं म्हणणाऱ्यांनी त्याला एका मनोविकाराचं नावही देऊन टाकलं. अध्यक्ष रोनाल्ड रीगन गर्भपाताचे विरोधक. १९८७ मध्ये त्यांनी देशाचे सर्जन जनरल एव्हरेट कूप यांना सांगितलं, गर्भपाताचे बाईवर काय परिणाम होतात याचा अहवाल द्या. कूप मुलांचे शल्यचिकित्सक, श्रद्धाळू ख्रिस्ती आणि गर्भपाताचे उघड विरोधक. निकाल काय लागणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. कूप यांनी अडीचशेच्या वर शोधनिबंध चाळले आणि जानेवारी १९८९ मध्ये अध्यक्षांना पत्र लिहिलं: उपलब्ध पुराव्यावरून ना हे सिद्ध होतं, ना ते; अभ्यासच सदोष आहेत. स्वतःच्या मताविरुद्ध जाऊन असं पत्र लिहायला धैर्य लागतं. या सगळ्या वादातला मला सर्वांत प्रामाणिक वाटलेला कागद हाच.

दोष नेमका कुठे होता? तुलनेत. गर्भपात केलेल्या बाईची तुलना बारशाचे पेढे वाटणाऱ्या बाईशी केली, तर पहिली दुःखी दिसणारच. पहिलीला नवरा मारत असेल, घरात आधीची तीन पोरं असतील, कर्ज असेल, आणि त्यामुळेच तर तिने गर्भपात केलेला असतो. खरी तुलना हवी ती अशा दोघींची, ज्या दोघींनाही गर्भपात हवा होता, पण एकीला मिळाला आणि दुसरीला नाही. प्रयोग म्हणून कोणाला मुद्दाम नकार देता येत नाही, त्यामुळे असा अभ्यास व्हायचा कसा?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डायना ग्रीन फॉस्टर यांना वाट सापडली. प्रत्येक दवाखान्याची आठवड्यांची एक मर्यादा असते. कोणी त्या मर्यादेच्या थोडी आधी पोचते, कोणी थोडी उशिरा. फलाटावर पोचेपर्यंत गाडी सुटावी तशा या दुसऱ्या गटातल्या बायका माघारी जातात. फॉस्टर यांच्या चमूने तीस दवाखान्यांतल्या सुमारे हजार बायकांना गाठलं आणि पाच वर्षं, दर सहा महिन्यांनी, त्यांची विचारपूस केली. नकार मिळालेल्या बायका सुरुवातीला जास्त चिंताग्रस्त होत्या. वर्षभरात दोन्ही गटांची मनं सारख्याच पातळीवर आली. जुळल्या नाहीत त्या पैशाच्या गोष्टी. नकार मिळालेल्यांची ओढाताण आणि थकलेली देणी वर्षानुवर्षं राहिली, आणि मारझोड करणाऱ्या पुरुषाशी त्यांचा संबंधही सहज तुटला नाही. गर्भपात झालेल्यांपैकी पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक जणी प्रत्येक वेळी 'निर्णय बरोबर होता' असंच सांगत राहिल्या.

या अभ्यासावर आक्षेप आहे, तोही सांगायला हवा. ज्यांना विचारलं त्यांतल्या सुमारे ३८ टक्केच बायका तयार झाल्या. ज्या फार दुखावल्या होत्या त्याच कदाचित 'नको' म्हणाल्या असतील. न्यूझीलंडमध्ये डेव्हिड फर्ग्युसन यांनी एका शहरातल्या मुलींचा जन्मापासून तिशीपर्यंत पाठपुरावा केला. त्यांना गर्भपातानंतर मानसिक त्रासाचं प्रमाण काहीसं वाढलेलं आढळलं. विशेष म्हणजे फर्ग्युसन काही गर्भपाताचे विरोधक नव्हते. पण वाढ लहान होती हे त्यांनीही लिहून ठेवलं आहे.

मी दोन्ही वाचून या मताला आले आहे की रडणाऱ्या बाईला 'तुला काही होत नाही' म्हणणं जितकं खोटं, तितकंच न रडणाऱ्या बाईला 'तू रडायलाच हवंस' म्हणणं. दुःख आणि 'बरोबर केलं' ही दोन्ही एकाच बाईच्या मनात शेजारी राहू शकतात. फॉस्टर यांच्याच अभ्यासात एक निरीक्षण आहे: लोक आपल्याकडे वाईट नजरेने पाहतील असं जिला वाटत होतं, तिला खंत आणि अपराधीपणा जास्त. कान्याचा फरक तो हाच.

लोकांच्या नजरेला भिऊन केलेल्या लपवण्याने विज्ञानही फसलं आहे. गर्भपाताने स्तनांचा कर्करोग होतो, अशी भीती बरीच वर्षं घातली गेली. झालं असं होतं की आजारी बाईला डॉक्टरांनी विचारलं की ती सगळं खरं सांगायची आणि धडधाकट बाई झाकून ठेवायची. साहजिकच गर्भपाताची संख्या आजारी बायकांत जास्त दिसली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सोळा देशांतल्या त्र्याऐंशी हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा आधीच नोंदवलेल्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासांत असा संबंध दिसला नाही.

आता आपल्याकडे. आपला कायदा १९७१चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ला. त्याच्या मुळाशी शांतिलाल शहा समिती. शहा हे तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. अमेरिका ज्या प्रश्नावर पुढे भांडली त्यावर या कायद्याने सरळ उलट बाजूने बोट ठेवलं. बलात्कारातून दिवस गेले असतील, तर त्या गर्भधारणेमुळे होणारा मनस्ताप हीच बाईच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानायची, असं कायद्यात लिहिलं. गर्भनिरोधक साधन फसलं असेल तरी तसं मानता येईल, असंही. म्हणजे धोका गर्भपातात शोधला नाही, नको असलेल्या गर्भारपणात शोधला. आधी ही दुसरी सोय फक्त 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यासाठी होती. २०२१च्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' आले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, पुढे चोवीसपर्यंत ठरावीक परिस्थितीत दोघांचं. २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीस ते चोवीसच्या या टप्प्यातून अविवाहितेला वगळता येणार नाही.

एवढं असूनही हा हक्क नव्हे. जुन्या दंडसंहितेचं कलम ३१२ आणि आता न्यायसंहितेचं कलम ८८ यांनुसार गर्भपात गुन्हाच आहे, आणि बाईने स्वतः केला तर गुन्हेगार तीच. १९७१चा कायदा म्हणजे त्या गुन्ह्यातून काढलेली एक पळवाट, आणि दाराची किल्ली डॉक्टरकडे.

त्या दारापर्यंत किती जणी जातात? 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'च्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात एक कोटी छप्पन्न लाख गर्भपात झाले. त्यांतले दवाखान्यात झाले सुमारे चौतीस लाख. एक कोटी पंधरा लाख झाले दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. आणि आठ लाख झाले आणखी कशाने तरी. काडी, मुळी, गावठी औषध हे सगळं त्या 'कशाने तरी'त येतं. बाईला खरी इजा होते ती इथे. पपई, तीळगूळ, गरम काढे यांनी सहसा काही होत नाही, पण आधी दिवस गेलेले असतात, त्यात आणखी दिवस जातात, आणि प्रत्येक आठवड्यागणिक जोखीम वाढते.

गोळ्यांचं म्हणाल तर त्या चांगल्या आहेत. मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि दीड-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार. आपल्या नियमांत नऊ आठवड्यांपर्यंत. बिघडतं ते कोणी न तपासता दिल्यावर. गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. थोडं रक्त जातं, बाईला वाटतं झालं, आणि पंधरा दिवसांनी नळी फुटते. लागोपाठ दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील तर सकाळची वाट पाहायची नाही, हे साधं वाक्य तिला सांगणारं कोणी नसतं.

महाराष्ट्रात आणखी एक गुंता आहे. लिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा आपण १९८८ मध्ये केला, त्याचा अभिमान रास्तच. २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या. मग मुलींचे गर्भ बेकायदा पाडल्याचं परळीचं प्रकरण झालं, पुढे म्हैसाळचं. सरकारी यंत्रणा खडबडून जागी झाली आणि औषधांच्या दुकानांवर धाडी पडू लागल्या. औषधवाल्यांनी हिशेब केला: गर्भपाताच्या गोळ्यांच्या चार पाकिटांसाठी तपासणी कोण ओढवून घेईल? 'आम्ही ठेवत नाही.' आता गंमत पाहा. सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळायला साधारण बारा आठवडे जावे लागतात आणि गोळ्या नऊ आठवड्यांच्या आतल्या. जिला मुलगी आहे म्हणून गर्भ नको, तिच्या कामाच्या या गोळ्या नाहीतच. अडवलं गेलं ते जिला मूलच नको होतं तिला. मुलगी वाचवायच्या मोहिमेत 'गर्भपात हा खून' अशा पाट्या लावणाऱ्यांनी कायद्याने मान्य केलेल्या गर्भपातालाही खुनात जमा केलं.

एका तालुक्याच्या गावी दवाखान्यात बसले होते. तिशीची बाई, पायात स्लिपर, पिशवीत रेशनकार्ड. दोन मुलं, तांबी बसवलेली असूनही दिवस गेलेले.

"मिस्टर कुठायत?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"ऊसतोडीला गेलेत, ताई. दिवाळीनंतरच निघाले."

"मग ते आले की या. त्यांची सही लागते."

बाईने बोटांवर काहीतरी मोजलं. महिने असावेत. मग पिशवी उचलून ती गेली.

नियमांनुसार गर्भपाताच्या संमतीचा एक छापील कागद असतो, नमुना 'क'. बाई अज्ञान किंवा मनोरुग्ण असेल तर त्यावर पालकाची सही घेतात. एरवी त्यावर सही एकटीची, बाईची. नवऱ्याच्या सहीसाठी त्या कागदावर ओळच नाही.