खाडीकाठची प्रयोगशाळा

त्या शनिवारी माझी चांगलीच फजिती झाली. दांडीच्या एका घराच्या ओटीवर पंधरा-सोळा मुलं गोल करून बसली होती. मध्ये लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत मुलांनीच भरून आणलेलं समुद्राचं. मी ऐटीत जाहीर केलं, "गोड्या पाण्यात अंडं बुडेल आणि खाऱ्या पाण्यात तरंगेल." गोड्या पाण्यात अंडं बुडालं. समुद्राच्या पाण्यात सोडलं, तर तिथेही सरळ तळाशी!

मुलं खो खो हसली. एक मुलगा माझी बाजू सावरत म्हणाला, "काकी, अंडं खराब असेल." त्यावर सातवीतली एक मुलगी फणकाऱ्याने म्हणाली, "खराब अंडं तर वर येतं. माझी आई तसंच बघून घेते." झालं, आता काकींना उत्तर द्यायला हवं होतं, आणि काकी पडल्या बी.ए., तेही मराठी घेऊन. दहावीनंतर विज्ञानाला केलेला नमस्कार तो कायमचाच. खरं सांगायचं तर, पुस्तकात 'खारं पाणी' एवढंच वाचलं होतं; ते किती खारं, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

मग त्याच मुलीने घरातून खडेमीठ आणलं. आम्ही चमचा चमचा टाकत, ढवळत राहिलो. बऱ्याच चमच्यांनंतर अंडं हललं, उभं राहिलं आणि हळूच वर आलं. घरी येऊन शोधाशोध केली. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ताजं अंडं तरंगायला त्याच्या दुपटी-तिपटीने लागतात. मुलांना हे पुढच्या शनिवारी सांगितलं, पण तोवर ते कुणाला सांगायची गरजच उरली नव्हती. सगळ्यांनी घरोघरी करून पाहिलं होतं. (त्या आठवड्यात किती अंडी फुटली ते आयांना विचारा!)

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा अंड्याचं काय कौतुक? पण मैत्रिणींनो, आपल्याकडे विज्ञान म्हणजे कुलूपबंद कपाट. मी एका शाळेत पाहिलं आहे, काचेच्या नळ्या जशा आल्या तशाच कागदात गुंडाळलेल्या. फुटल्या तर भरून कोण देणार? मग प्रयोगाची 'कृती' आणि 'अनुमान' फळ्यावरून वहीत उतरवायचं.

वाईट याचं वाटतं, की कपाटातल्या वस्तूंवाचून अडायचं नाही हे आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वी दाखवून झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसरीची महागडी साधनं परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी खडे, शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली. पुढे १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांमधून 'करून शिका' असा विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला. पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार शिकवू लागले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा तो कार्यक्रम मात्र सरकारने २००२ मध्ये बंद केला.

आमच्याकडे तर काड्याही विकत आणायला नकोत, समोर अख्खा समुद्र आहे. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी येते. उधाण, भांग हे शब्द तर किनाऱ्यावरच्या घरांत रोजचे. तरीही परीक्षेत त्याच प्रश्नाला आमच्या मुलांचे गुण जातात! म्हणून मी एका आजींना ओटीवर बोलावलं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. मुलांनी महिनाभर जेट्टीजवळ उभं राहून वेळा लिहिल्या. कधी दहा-वीस मिनिटांचा, कधी जास्त फरक पडला, पण हिशेब जमत होता.

मग आमची ती अंडंवाली मुलगी अडली. "आजी, पंधरा पाऊण सव्वाअकरा. पण पुनवेला भरती बाराच्या सुमाराला असते. मधला पाऊण तास कुठे गेला?" आजी हसल्या. मी गप्प. शेवटी बारा तासांना पंधराने भागलं, तेव्हा ४८ मिनिटं आली, म्हणजे बरोबर दोन घटका. डोक्यात गुणायला सोपं जावं म्हणून कुणीतरी ४८ चे ४५ केले असावेत. पुस्तकात दिलेली रोजची ५० मिनिटं आणि आजींची पाऊण, दोन्ही चंद्र रोज उशिरा उगवतो त्यामुळेच, हे त्या दिवशी मलाही पहिल्यांदा कळलं.

सगळंच मात्र इतकं गोड नाही. जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून आम्ही पट्ट्या केल्या. लिंबू लागलं की गुलाबी, साबणाचं पाणी लागलं की हिरवट. मुलांनी लगेच खाडीचं पाणी तपासलं. पट्टीत विशेष फरक नाही. "पाणी चांगलं आहे!" एकाने जाहीर केलं. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारखान्यांच्या सांडपाण्यावरून या किनाऱ्यावरचे मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, २०२२ मध्ये निकाल आला, आणि इथे आमची जास्वंद सांगते पाणी चांगलं! मग बसून बोललो. पट्टी फक्त आम्ल की अल्कली एवढंच सांगते. त्यात विरघळलेला प्राणवायू किती, धातू किती, तेल किती, हे तिला कळत नाही. त्यासाठी खरी प्रयोगशाळाच लागते, आणि तिथे बसणारी माणसंही लागतात.

तेव्हापासून ती मुलगी विचारते आहे, तिथे बसायला किती शिकावं लागतं. मी बारावी विज्ञान, मग बी.एस्सी. असं सांगितलं. तिची आई बाजूलाच बोंबील निवडत होती. "कॉलेज बोईसरला, येणार-जाणार कशी रोज?" एवढंच म्हणाली. नाही म्हणाली नाही. येत्या शनिवारी खारवलेल्या माशातून पाणी कसं सुटतं ते मोजायचं आहे. बोंबील त्या माउलीच देणार आहेत, वजनकाटा मी बघते.