उतारवयातील विषण्णता : एक उपचारसाध्य व्याधी

सुरत शहराच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. यंत्रमागांवर ज्यांनी उमेदीची वर्षे वेचली, ती पिढी आता वार्धक्याकडे झुकली आहे. काम सुटले, मागांच्या अखंड खडखडाटाने श्रवणशक्ती मंदावली, जोडीदार निवर्तला, की मनाला विषण्णता ग्रासू लागते. 'वयोमानाने असे होणारच', असे म्हणून घरची मंडळी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. हा समज घातक आहे.

नैराश्य ही वार्धक्याची अपरिहार्य अवस्था नसून ती एक व्याधी होय. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत साठ वर्षांवरील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. निदान मात्र शेकडा एकाहूनही कमी जणांचे झालेले होते. याचे कारण असे की, वृद्ध माणूस मनाचे दुखणे बोलून दाखवीत नाही. तो तक्रार करतो ती अंगदुखीची, मंदावलेल्या भुकेची, पहाटे अवेळी येणाऱ्या जागेची. ही लक्षणे व उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे आहे. 'आता देवाने न्यावे' हे वारंवार निघणारे उद्गार तर कदापि हसण्यावारी नेऊ नयेत.

थायरॉइड ग्रंथीचे विकार, रक्तक्षय, 'ब-१२' जीवनसत्त्वाची न्यूनता यांमुळेही अशी लक्षणे उद्भवतात; म्हणून प्रथम रक्ततपासणी करण्यात येते. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. तोवर धीर सोडू नये व बरे वाटताच ती परस्पर बंदही करू नयेत. औषधांइतकेच महत्त्व दिनक्रमास आहे. सकाळचा फेरफटका, भजनी मंडळातील सहभाग, नातवंडांना शाळेत पोहोचविण्यासारखी एखादी जबाबदारी यांमुळे आपण कोणाला तरी हवे आहोत, ही जाणीव टिकून राहते. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्राने संभाषणाचा तुटलेला धागा पुन्हा जोडता येतो.

सुरतेच्या न्यू सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य सल्ला मिळतो.

ज्या हातांनी संसार उभा केला, त्या हातांना आधार देणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे. त्याचा आरंभ वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसून त्यांचे ऐकून घेण्याने होतो.