शेवट कडू, तर सगळेच कडू?

भुईमुगाच्या शेंगा खाताना शेवटचा दाणा खवट निघाला, की तोंडाची सारी चव जाते. आधी खाल्लेले पन्नास गोड दाणे त्या वेळी आठवत नाहीत. गोष्टीचेही असेच होते काय? मे २०१९ मध्ये जगभरच्या लक्षावधी प्रेक्षकांना असाच एक खवट दाणा लागला!

'गेम ऑफ थ्रोन्स' ही अमेरिकेतील एचबीओ वाहिनीची मालिका. ती मोठ्यांसाठी होती, त्यामुळे तुम्ही पाहिली नसली तरी बिघडत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली होती. एका काल्पनिक भूमीतील राजघराणी सिंहासनासाठी कशी झुंजतात, याची ही कथा. १७ एप्रिल २०११ रोजी ती सुरू झाली आणि १९ मे २०१९ रोजी ७३ व्या भागाने संपली. पहिली सहा पर्वे प्रत्येकी १० भागांची होती. सातवे पर्व मात्र ७ भागांत आणि आठवे ६ भागांत आटोपले.

या शेवटच्या पर्वात, गुलामांना मुक्त करणारी राणी डेनेरिस शरण आलेले शहर जाळून टाकते. पुढे तीही मारली जाते आणि ब्रॅन नावाचा तरुण राजा होतो. काही प्रेक्षक म्हणाले, "राणीच्या क्रौर्याच्या खुणा पहिल्यापासून दिसत होत्या." पण अनेकांना हा बदल फार घाईने झाला असे वाटले. "हे पर्व पुन्हा लिहा, पुन्हा तयार करा," अशी मागणी करणारा एक जाहीर अर्ज निघाला. त्यावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. सगळी आठ वर्षे वाया गेली, असेही कित्येकजण म्हणू लागले.

तुम्ही म्हणाल, "शेवटचे सहा भाग आवडले नाहीत, हे समजले. पण आधीचे ६७ भाग तर आनंदाने पाहिले होते ना? तो आनंद गेला कोठे?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. डॅनिएल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला हा प्रयोग १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. (काहनेमन यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) प्रयोगात ३२ जण होते. एका खेपेस त्यांनी १४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवला. इतक्या गार पाण्यात हाताला कळ लागते. दुसऱ्या खेपेस तसेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद हात पाण्यातच ठेवायचा होता. या जादा वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत तापवले. म्हणजे कळ थोडी कमी झाली, पण थांबली नाही.

मग विचारले, "यांपैकी एक खेप पुन्हा करायची आहे. कोणती करता?" हिशेबाने पाहता पहिली खेप निवडायला हवी, कारण दुसरीत पहिलीचा सगळा त्रास होताच आणि वर ३० सेकंदांचा जादा. पण ३२ पैकी २२ जणांनी दुसरी, म्हणजे लांबलेली खेप निवडली!

असे का व्हावे? आपली आठवण क्षणाक्षणाची बेरीज ठेवत नाही. ती प्रामुख्याने दोन गोष्टी टिपते: अनुभवातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट. किती वेळ गेला, याला तिच्या लेखी फारसे मोल नसते. १९९६ मध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घेणाऱ्या रुग्णांतही हेच आढळले. याला 'शिखर आणि शेवट यांचा नियम' म्हणू या.

तेव्हा आठ वर्षांचा आनंद खोटा नव्हता. अनुभवलेला आनंद आणि आठवलेला आनंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच.

मात्र गोष्ट म्हणजे गार पाणी नव्हे, हेही विसरू नका. पाण्याच्या शेवटच्या सेकंदामुळे पहिल्या सेकंदाचा अर्थ बदलत नाही. गोष्टीत तो बदलतो. रहस्यकथेचा उलगडा पटला नाही, तर आधीचे सारे धागेदोरे फुकट गेले असे वाटते. म्हणून प्रेक्षकांचा राग हा केवळ आठवणीचा खेळ होता, असे म्हणणे योग्य नाही.

आणि सही करणारे म्हणजे सगळे प्रेक्षक नव्हेत. ज्यांना शेवट आवडला, ते कशाला अर्ज करतील? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या पर्वाला उत्कृष्ट नाट्यमालिकेचे एमी पारितोषिक मिळाले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच राजघराण्याच्या पूर्वजांची नवी मालिका सुरू झाली, तेव्हा पहिल्याच रात्री अमेरिकेत सुमारे १ कोटी लोकांनी ती पाहिली.

आता हा नियम तुम्हीच तपासून पाहा. एखादी मालिका किंवा दीर्घ कादंबरी निवडा. प्रत्येक भाग संपताच त्याला १० पैकी गुण देऊन वही मिटून ठेवा. सर्व संपल्यावर, वही न उघडता, संपूर्ण कथेला गुण द्या. मग वहीतील गुणांची सरासरी काढा. तुमचा अखेरचा आकडा या सरासरीच्या जवळ आहे, की सर्वांत चांगल्या भागाच्या आणि शेवटच्या भागाच्या? वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा. अशीच एक वही शाळेच्या सबंध वर्षासाठीही ठेवता येईल. शेवटचा पेपर अवघड गेला म्हणून सारे वर्षच वाईट गेले असे वाटू लागले, तर ती उघडून पाहा.