रूळ भिलाईचे, मेट्रो कुणाची?

छत्तीसगड सरकारच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात रायपूर ते दुर्ग मेट्रोच्या सर्वेक्षणासाठी पाच कोटी रुपये ठेवले गेले आणि भिलाईत मेट्रो धावायलाही लागली. म्हणजे गप्पांमध्ये. स्टेशन सुपेल्याला होणार की पॉवर हाउसला, यावरून चहाच्या टपऱ्यांवर भांडणं रंगली. नागपुरात मामा-मावशी असलेल्या इथल्या मराठी घरांत तर विषयाला आणखी धार आली: 'नागपूरला आली, मग आपल्याला का नाही?' गावाला मेट्रो हवीशी वाटण्यात गैर काहीच नाही. पण या गप्पांमध्ये काही समजुती अशा मुरल्या आहेत की खऱ्या प्रश्नाला कुणी हातच घालत नाही.

पहिली समजूत अर्थातच ही, की मेट्रो मंजूर झाली. पाच कोटी मिळाले ते मोजणीला. 2017 च्या केंद्रीय मेट्रो धोरणानुसार आधी शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा करावा लागतो, मग बस, ट्राम, उपनगरी रेल्वे, मेट्रो असे सगळे पर्याय एकमेकांशी ताडून पाहावे लागतात, त्यानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल, राज्याची मंजुरी, केंद्राची मंजुरी आणि शेवटी कर्जाची जुळवाजुळव. नाशिककरांना विचारा. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी भर संसदेत नाशिकच्या 'मेट्रो निओ'साठी 2,092 कोटी जाहीर केले होते. त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली, खांब काही उभा राहिला नाही. आपल्याकडे ऑगस्ट 2024 मध्ये रायपूरच्या तेव्हाच्या महापौरांनी मॉस्कोत लाइट मेट्रोच्या सामंजस्य करारावर सही केली, तर राज्य सरकारने 'आम्ही असा अधिकार कुणाला दिलेलाच नाही' म्हणत हात झटकले. कागदावरची मेट्रो फार वेगाने धावते.

'दहा लाखांवर वस्ती आहे, हक्कच आहे आमचा'

2011 च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईची लोकसंख्या 10 लाख 64 हजार होती आणि रायपूरची 11 लाख 22 हजार. दोन्हींची बेरीज बावीस लाखांच्या जवळ जाते, त्यामुळे मोठ्या शहरांच्या पंगतीत बसल्यासारखं वाटतं. पण मेट्रोला शहरात किती माणसं राहतात याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तिला एवढंच कळतं की गर्दीच्या तासाला, एकाच रस्त्याने, एकाच दिशेला किती माणसं जातात. वाहतूक अभियंते जो आकडा उराशी धरून बसतात तो हाच.

नागपूर मेट्रोच्या तीन डब्यांच्या गाडीत दाटीवाटीने साडेनऊशेच्या वर माणसं मावतात. अशी गाडी दर तीन मिनिटांनी सोडली तर तासाला एका दिशेने एकोणीस हजार माणसं जातील. रस्त्यावर प्रत्यक्षात तीन-चार हजारच असतील तर काय होईल? गाड्या रिकाम्या पळवायच्या, नाहीतर पंधरा-वीस मिनिटांनी एक सोडायची. आणि वीस मिनिटं फलाटावर ताटकळायचं असेल तर माणूस स्कूटरला किक मारतो. म्हणूनच केंद्राने छोट्या शहरांसाठी हलके प्रकार सुचवले: तासाला पंधरा हजारांपर्यंत मागणी असेल तर 'मेट्रोलाइट', आठ हजारांपर्यंत असेल तर रबरी टायरवर चालणारी 'निओ'.

आता भिलाईची घडण बघा. फेब्रुवारी 1955 मध्ये पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि कारखान्याशेजारी सेक्टर आखले गेले ते कामगार सायकलवर ड्यूटीला जाईल या हिशेबाने. रुंद, सरळ, झाडांच्या सावलीतले रस्ते आणि हाकेच्या अंतरावर शाळा नि बाजार. दुपारी दोनला मुर्गा चौकात उभं राहा. पहिली पाळी सुटते, हेल्मेटांचा लोंढा मेन गेटमधून बाहेर पडतो, आणि थोड्याच वेळात चौक पुन्हा सुस्त. तो लोंढा कुठे जातो? कुणी सेक्टर 6 ला, कुणी रिसालीला, कुणी खुर्सीपारला, कुणी चरोद्याला, कुणी थेट दुर्गला. चारी दिशांना पांगतो. आणि पाळ्या सहा, दोन, दहाच्या असल्याने ही गर्दी दिवसभरात वाटलीही जाते. त्यात कारखान्याचे कायम कामगार एकेकाळी पन्नास हजारांच्या वर होते, आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही उरलेले नाहीत. कंत्राटी कामगार वाढले, ते आसपासच्या खेड्यांतून येतात. एका रेषेत धावणाऱ्या गाडीला हे गिऱ्हाईक मिळणं कठीण. मुंबईसारखं 'सकाळी सगळे दक्षिणेला, संध्याकाळी सगळे उत्तरेला' असं इथे नाही. हा नियोजनाचा दोषही नव्हे, उलट गुण आहे.

'नागपूरला चालते, मग इथे का नाही?'

नागपूर शहर आणि परिसराची वस्ती 2011 मध्येच पंचवीस लाखांच्या घरात होती. तिथला पहिला टप्पा साधारण 40 किलोमीटरचा, खर्च 8,680 कोटी, म्हणजे किलोमीटरमागे दोनशे कोटींच्या वर. त्यातला मोठा भाग जर्मनी आणि फ्रान्सच्या बँकांकडून घेतलेल्या कर्जाचा. खापरी-सीताबर्डी पट्टा मार्च 2019 मध्ये सुरू झाला, उरलेले टप्प्याटप्प्याने, शेवटचे 11 डिसेंबर 2022 ला. गाड्या झकास आहेत, स्टेशनं देखणी आहेत. प्रवासी मात्र दिवसाला लाखाच्या आत-बाहेर.

याच्याशेजारी मुंबईची वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही 2014 ची पहिली मार्गिका ठेवा. लांबी जेमतेम साडेअकरा किलोमीटर, आणि प्रवासी साडेचार ते पाच लाख! मुंबईकर काही मेट्रोवर जास्त प्रेम करतात असं नाही. ही मार्गिका पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या दोन तुडुंब वाहणाऱ्या लोकलना आडवी जोडते, म्हणून ती भरते. लोकल नसती तर तीही अर्धी रिकामी धावली असती. जयपूरमध्ये 2015 ला सुरू झालेली मानसरोवर-चांदपोल मार्गिका तीस लाखांच्या शहरात असूनही वर्षानुवर्षं गर्दीची वाट पाहत राहिली, कारण तिला जोडून भरवणारं दुसरं काही नव्हतं.

नागपूरच्या पाव्हण्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. मेट्रोचे शेवटचे पट्टे ज्या दिवशी सुरू झाले, त्याच दिवशी नागपूर-बिलासपूर वंदे भारतलाही झेंडा दाखवला गेला. तेव्हा सोळा डब्यांची असलेली ती गाडी दुर्गला थांबते. प्रवासी पुरेसे मिळेनात म्हणून 2023 मध्येच ती आठ डब्यांची करावी लागली. गाडी चांगलीच आहे, पण चांगली गाडी आली की गर्दी आपोआप जमते, हा हिशेब चुकला.

'इथे सार्वजनिक वाहतूक मुळी नाहीच'

हे अर्धसत्य आहे, आणि सगळ्यांत महागात पडणारं. दुर्ग, भिलाई नगर, भिलाई पॉवर हाउस, भिलाई, देवबलोदा चरोदा, कुम्हारी, सरोना, सरस्वती नगर, रायपूर. ही स्टेशनांची माळ हावडा-मुंबई मार्गावर आजच ओवलेली आहे. गावाच्या मधोमध, जीई रोड या मुख्य रस्त्याला समांतर. (पहिल्यांदा येणाऱ्या पाव्हण्यांना बजावून ठेवावं लागतं: 'भिलाई' नावाच्या स्टेशनवर उतरू नका, ते भिलाई-3 कडे आहे, सेक्टरला यायचं तर भिलाई नगर किंवा पॉवर हाउस.) दुर्ग ते रायपूर अंतर सदतीस किलोमीटरच्या आसपास, लोकलचं तिकीट दहा-पंधरा रुपयांत. रविशंकर विद्यापीठात जाणारी पोरं सरस्वती नगरला उतरतात. मेट्रोच्या नकाशावर लोक जी रेघ ओढतात, ती जवळजवळ हीच.

मग अडतं कुठे? रूळ आहेत, पण ते आधी मालगाडीचे आहेत आणि मग आपले. कोरब्याकडचा कोळसा, कारखान्यातून निघालेलं पोलाद, शिवाय मुंबई-कोलकाता लांब पल्ल्याच्या गाड्या, सगळ्यांची वाट हीच. लोकल बाजूला उभी राहते, मालगाडी निघून जाते. एप्रिल 2022 मध्ये देशभर कोळशाची ओरड झाली तेव्हा छत्तीसगडमधून जाणाऱ्या वीसहून अधिक प्रवासी गाड्या एकदम रद्द झाल्या आणि राज्य सरकारला जाहीर निषेध करावा लागला. परीक्षेचा पेपर दहाला आणि लोकल कधी सुटेल ते देव जाणे, अशी स्थिती असेल तर माणूस लोकलवर भरवसा कशाला ठेवेल? तो मोटरसायकलचा हप्ता भरतो.

यावरचा उपाय मुंबईने करून पाहिला आहे. 1999 मध्ये रेल्वे आणि महाराष्ट्र सरकारने मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ काढलं. कामांचा खर्च दोघांत वाटून घ्यायचा, आणि लोकलचे रूळ लांब पल्ल्याच्या गाड्यांपासून वेगळे करायचे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली: नऊ किलोमीटर, खर्च 620 कोटी, म्हणजे किलोमीटरला सत्तर कोटींच्या आसपास. चौदा वर्षं लागली, हेही सांगायला हवं, खाडी, झोपड्या आणि बोगद्यांनी कंत्राटदारांचा जीव काढला. आपल्याकडे, दुर्ग-रायपूरमधल्या खारून नदीच्या अलीकडे-पलीकडे, एवढी अडचण नाही. लोकलसाठी हक्काचे दोन रूळ आणि ठरलेल्या मिनिटाला गाडी, एवढं झालं तर नव्वद टक्के मेट्रो झाली असं मी म्हणेन. पण लोकलच्या उद्घाटनाला फोटो चांगला येत नाही.

'बस म्हणजे मेट्रो परवडत नाही तेव्हाची सोय'

ब्राझीलमधल्या कुरितीबा शहराने 1974 पासून मेट्रोऐवजी बससाठी राखीव रस्ते बांधले. कोलंबियाच्या बोगोटा शहरात 2000 मध्ये सुरू झालेली ट्रान्समिलेनिओ बससेवा काही पट्ट्यांत तासाला एका दिशेने पस्तीस हजारांहून अधिक माणसं वाहून नेते. आपल्याकडच्या अनेक मेट्रोंना हा आकडा स्वप्नातही दिसत नाही. अट एकच, बसची वाट मोकळी राहिली पाहिजे. पुण्याने 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बसची राखीव वाट, आखली, तिथे मोटारी घुसल्या, अडथळे मोडले, आणि बदनाम झाली बस.

महाराष्ट्रातल्या वाचकाला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते: छत्तीसगडमध्ये एसटी नाही. 1948 मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर जी गाडी निघाली, तिच्यासारखं सरकारी महामंडळच इथे नाही. गावोगावच्या बस खासगी मालकांच्या, परवान्यावर चालणाऱ्या. दुर्ग-भिलाईत काही वर्षं सिटी बस चालल्या, पण कोविडच्या टाळेबंदीत थांबल्या त्या पुन्हा पूर्वीसारख्या धावल्याच नाहीत. पोकळी भरली शेअर ऑटोंनी आणि ई-रिक्षांनी. रात्री दहाची पाळी सुटल्यावर मात्र तेही मिळतील याची खात्री नसते.

ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत छत्तीसगडच्या वाट्याला 240 बस आल्या. रायपूरला 100, दुर्ग-भिलाईला 50, बिलासपूरला 50, कोरब्याला 40. एक ई-बस साधारण एक-सव्वा कोटीची धरली, तर नागपूर मेट्रोच्या एका किलोमीटरच्या पैशात दीडशेहून अधिक बस येतील. दहा लाखांच्या शहराला पन्नास कमीच आहेत, पण त्या पॉवर हाउस आणि भिलाई नगर स्टेशनच्या दारातून सेक्टर 9 च्या रुग्णालयाकडे, मेन गेटकडे, कुटेलाभाट्याच्या आयआयटीकडे लोकलच्या वेळेला जुळवून सोडल्या, तर त्यांचं वजन पन्नासाहून मोठं ठरेल. कुटेलाभाटा तर असं ठिकाण आहे की जीई रोडवरून मेट्रो गेली तरी तिथल्या मुलांना काही उपयोग नाही.

मेट्रो आली की जीई रोड मोकळा होईल, ही आशाही फोल आहे. कुम्हारी, डबरापारा, पॉवर हाउस आणि सुपेला इथे उड्डाणपूल बांधले गेले ते याच आशेवर. रस्ता सुटला की नव्या गाड्या तो भरून काढतात, हे जगभर दिसलं आहे. आणि मेट्रो नफा कमावते ही समजूत हाँगकाँगवरून आलेली आहे. तिथली कंपनी स्टेशनवरच्या जमिनी आणि इमारतींतून पैसा काढते, नुसत्या तिकिटातून नाही.

राहता राहिला सगळ्यांचा लाडका युक्तिवाद: 'देशाला रूळ आम्ही देतो, आम्हालाच मेट्रो नाही?' भारतीय रेल्वेचा सर्वांत मोठा रूळ-पुरवठादार भिलाई आहे, आणि इथे एकसंध 130 मीटर लांबीचा रूळ लाटला जातो, हे खरंच अभिमानाचं. फक्त मेट्रोला लागणारा रूळ थोडा निराळा. तीव्र वळणं आणि दर दोन मिनिटांनी ब्रेक यामुळे त्याचं डोकं मुद्दाम उष्णता देऊन कठीण केलेलं असतं. देशातल्या मेट्रोंनी तो बराच काळ परदेशातून आणला, पुढे छत्तीसगडमधल्याच रायगढच्या जिंदाल कारखान्याने तो बनवायला घेतला. लोकल ज्या रुळांवरून धावते, ते मात्र अस्सल भिलाईचे.

सर्वेक्षणाचा अहवाल येईल तेव्हा स्टेशनांची यादी शेवटी वाचावी. आधी दोन गोष्टी शोधाव्यात: गर्दीच्या तासाला एका दिशेचे प्रवासी किती धरलेत, आणि पर्यायांच्या तुलनेत 'आहे त्याच मार्गावर दर पंधरा मिनिटांनी लोकल' हा पर्याय तपासलाय की नाही. दुसरी गोष्ट गायब असेल, तर पहिल्या गोष्टीतला आकडा कुठून आला, हे भिलाईकरांनी लेखी विचारावं.