पापणी काय सांगते?

सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना कळवलं. चांगलंच झालं. पण नोंद करायला आधी साप चावलाय हे कळावं लागतं, आणि मण्यारीच्या बाबतीत घोडं तिथंच पेंड खातं.

छत्तीसगडमधल्या भिलाईचे सेक्टर मागे टाकून पाटण-धमध्याकडे निघालं की धानाच्या बांध्या लागतात. पावसाळ्यात खाली अंथरूण टाकून झोपणारी घरंही. मण्यार, म्हणजे इथली करैत, रात्री अंथरुणात शिरते. दात बारीक, सूज नाही, दुखणंही जेमतेम. पुष्कळदा खूणही सापडत नाही. पहाटे माणूस पोट धरून उठतो, घरचे ओवा देतात. थोड्या वेळानं तो म्हणतो, ‘सगळं दोन-दोन दिसतंय.’ पापण्या जडावलेल्या. लोकांना वाटतं, झोप झाली नाही.

घोणस चावली तर वीस मिनिटांत रक्त गोठतं की नाही, हे साध्या काचेच्या नळीत बघता येतं. मण्यारीत ही चाचणी निर्दोष निघते. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्येही काही दिसत नाही. उरतात डोळे.

तपासणीला लागतं एक पेन. ‘मान हलवू नका, नुसत्या डोळ्यांनी पेनाकडे बघा.’ डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. एका डोळ्याला सहा स्नायू आणि ते चालवणाऱ्या तीन नसा: मेंदूतून निघणाऱ्या नसांतली तिसरी, चौथी आणि सहावी. एकच नस गेली तर बिघाड ठरावीक साच्यात दिसतो. सहावी गेली की डोळा कानाकडे वळत नाही. चौथी गेली (दुचाकीवरून डोक्यावर पडलेल्यांत हे बघावंच) तर जिना उतरताना एका पायरीच्या दोन होतात आणि माणूस नकळत मान कलती धरतो. तिसरी गेली की त्या बाजूची पापणी पडते, डोळा बाहेर-खाली सरकतो; त्यात बाहुलीही मोठी झाली असेल तर मेंदूतल्या धमनीचा फुगा आधी शोधायचा.

मण्यारीत असा साचा नसतो. दोन्ही पापण्या उतरतात आणि दोन्ही डोळे सगळ्याच दिशांना अडखळतात. माणूस हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून पापणी उचलू बघतो. त्याला मिनिटभर छताकडे बघायला सांगा, पापणी हळूहळू खाली येते. मग गिळणं, मग श्वास.

हे विष नसांची टोकंच निकामी करतं. प्रतिविष रक्तातलं मोकळं विष बांधतं, तुटलेली टोकं सांधत नाही. म्हणून घाई, आणि म्हणून कधी कधी कित्येक दिवस व्हेंटिलेटर. त्या दिवसांत हातपाय हलत नाहीत, बाहुल्याही विस्फारून थिजू शकतात. मेंदू मृत झाला असं वाटावं, आणि आत माणूस सगळं ऐकत असतो!

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर जगाला विंचूदंशामुळे माहीत. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं ते रुग्णाच्या खाटेशी बसून टिपलेल्या लक्षणांवर. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी मण्यार आणि नागाच्या दंशावरही लिहिलं, तेही खेड्यातल्या सोयींत. हिंमतरावांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. माझं स्पष्ट मत आहे की एमआरआयच्या रांगेत रुग्ण उभा करण्याआधी प्रत्येक नव्या डॉक्टरनं ही बघण्याची सवय लावून घ्यावी. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यंत्राची वाट बघण्याइतका वेळ त्यातल्या कितीजणांकडे होता?

सापांच्या सुळसुळाटामुळे छत्तीसगडमधल्याच जशपूरच्या फरसाबहार भागाला कौतुकानं ‘नागलोक’ म्हणतात. माणसं अशी जात असताना त्या कौतुकाचा मला कंटाळा आहे.

या पावसाळ्यात खाली झोपणार असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. पहाटे कुणाचं पोट दुखलं आणि पापण्या जड झाल्या, तर बैगाकडे (झाडफूक करणाऱ्याकडे) नेऊ नका, १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘हा रात्री जमिनीवर झोपला होता.’