पडद्यावरचे संवाद, पेढीवरचे धडे

सिनेमा पाहून धंदा शिकता येत नाही, असे जाणती मंडळी म्हणतात, आणि ते खरे आहे. परंतु चांगला संवाद हा म्हणीसारखा असतो. एकदा ऐकला की पाठ होतो आणि वेळेला आठवतो. 'शोले' (१९७५) च्या संवादांची तर वेगळी ध्वनिमुद्रिका निघाली होती. यंत्रमागाच्या मालेगावात नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' नावाचा सिनेमाच काढला. बाजारात दलालापासून हमालापर्यंत सर्वांच्या तोंडी हे संवाद असतात. त्यांतून आपण व्यापारी व कारागिरांनी काय घ्यावे, ते तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिला संवाद 'वक्त' (१९६५) मधला. राजकुमार चिनॉय सेठला सुनावतो, "जिनके अपने घर शीशे के हों, वो दूसरों पर पत्थर नहीं फेंका करते." लिहिणारे होते उर्दूचे नामवंत शायर अख्तर-उल-ईमान. शेजारच्या दुकानदाराचा माल हलका म्हणणाऱ्याने आधी स्वतःचा गज तपासावा. मिश्र सुताचे कापड शुद्ध सुती म्हणून विकायचे आणि दुसऱ्याच्या रंगाला नावे ठेवायची, हे फार दिवस चालत नाही. गिऱ्हाईक एक धुणे झाले की सारे ओळखते. याच सिनेमात बलराज साहनींचा लाला केदारनाथ भरभराटीच्या गुर्मीत नशिबाला तुच्छ लेखतो आणि त्याच रात्री भूकंपात घरदार, मुलेबाळे सारे विखुरते. तेजीच्या हंगामात सगळी पुंजी मालात गुंतवणाऱ्यांनी हा लाला लक्षात ठेवावा.

दुसरा संवाद सलीम-जावेद यांच्या 'दीवार' (१९७५) मधला, "मैं आज भी फेंके हुए पैसे नहीं उठाता." लहानपणी बूट पॉलिश करणारा विजय फेकलेले नाणे उचलत नाही, हातात द्या म्हणतो. कारागीर बंधूंनो, मजुरी ही खैरात नव्हे. विणकर असो, शिंपी असो की जरीवाला, कामाचा दर आधी ठरवावा आणि ठरलेला दाम हक्काने घ्यावा. तसेच कारागिराच्या हाती पैसे देताना आपणही अदब राखावी. मात्र पुढे हाच विजय तस्करीच्या वाटेला लागतो. बंगला, गाडी सारे मिळते, पण आई त्याच्याकडे राहत नाही. ताठ मान हवी, तशी कमाईही चोख हवी. एक असून दुसरी नसेल तर घर टिकत नाही.

तिसरा 'दामिनी' (१९९३) मधल्या वकिलाचा, "तारीख पर तारीख." सनी देओल तो कोर्टात बोलतो, आपण तो रोज उधारीच्या वहीसमोर बोलतो. ईदनंतर देतो, दिवाळीनंतर देतो, असे सांगत वर्ष निघून जाते. संताप करून पैसे येत नाहीत, कागद असला तर येतात. प्रत्येक मालाचे बिल करा, पोच घ्या, मुदत लिहा. घेतलेला चेक न वटता परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कलम १३८ खाली फिर्याद करता येते. ओळखीखातर गप्प बसून या मुदती घालवल्या तर खटला उभा करणे अवघड होते. नोंदणी केलेल्या लघुउत्पादकाला २००६ च्या कायद्याने आणखी एक आधार आहे: खरेदीदाराने करारात काहीही लिहिले तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे लांबवता येत नाहीत.

सिनेमातला नायक तीन तासांत जिंकतो. आपल्याला मात्र रोज दुकान उघडावे लागते. तेव्हा मापात सचोटी, मजुरीत इज्जत आणि उधारीत कागद, एवढे तीन धडे गल्ल्याजवळ ठेवावेत. बाकीचा सिनेमा खुशाल करमणुकीसाठी पाहावा.